युरियाचा निकाल

विरूपाक्ष बिराजदारांना डॉक्टरेट नांदेडच्या विद्यापीठाने द्यायच्या आधीच लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका पेंटरने देऊन टाकली. 'शिखरसोपान क्लासेस, बारावी सायन्स' या भल्या मोठ्या पाटीवर खाली डावीकडे, पिवळ्या रंगात: 'मार्गदर्शक : डॉ. वि. शि. बिराजदार.' पाटी लागली त्या दिवशी सर स्कूटर थांबवून बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग आत जाऊन क्लासचे मालक वसंतराव हाळीकर यांना म्हणाले,

"वसंतराव, ते डॉक्टर अजून व्हायचंय."

"व्हा की मग. कोण धरलंय तुम्हाला?" वसंतराव पेपरचे गठ्ठे बांधत होते. "पेंटर काय दरसाल मोकळा सापडतो का? एकदाच रंगवून घेतलं. आता तुम्ही तेवढं होऊन टाका."

सरांना यावर भांडता आलं नाही, कारण वसंतरावांकडे वीस कॉम्प्युटर होते आणि लातुरात त्या वेळी एका छपराखाली वीस कॉम्प्युटर दुसरीकडे कुठे नव्हते. छप्पर पत्र्याचं होतं. भूकंपानंतर तात्पुरत्या निवाऱ्यासाठी जे पत्रे जिल्ह्यात आले, त्यातले काही निवारे उठल्यावर लिलावात निघाले. ते वसंतरावांनी घेतले आणि त्यांचा लांबलचक वर्ग केला. जाहिरातीत लिहिलं, 'भूकंपाची भीती नाही, डोक्यावर स्लॅब नाही.' औसा-निलंग्याकडचे पालक ती ओळ वाचून पोरं आणून सोडत. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली पोरं भाजून निघत, पण भाजण्याची भीती वाटावी असं त्या भागात काही घडलेलं नव्हतं.

कॉम्प्युटर आणले होते कॉम्प्युटराइज्ड परीक्षांसाठी. परीक्षा कागदावरच व्हायच्या. कॉम्प्युटरवर फक्त निकाल लागायचा. उरलेला वेळ ती यंत्रं धूळ खात. सर एका कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि त्यांना कॉम्प्युटरची भूक होती. सौदा झाला: सरांचं नाव पाटीवर आणि निकालाचं काम नसेल तेव्हा वीसही मशिनी सरांच्या युरियाला.

हा युरिया खताच्या पोत्यातलाच, पण एका वेळी एकच कण. तुरीच्या डाळीत युरिएज नावाचं एक एन्झाइम असतं. ते युरियाला पकडतं आणि फोडतं. पकडायला त्याच्या अंगावर एकच बारीक तोंड आहे. युरियाला ना डोळे, ना पाय. पाणी त्याला चारी बाजूंनी ढकलतं आणि तो दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात फिरतो. फिरता फिरता त्या तोंडाशी, नेमका सरळ होऊन पोचला तर काम झालं. नाहीतर गेला पाण्यात. शंभर युरिया सोडले तर किती पोचतात? सरांच्या पीएच.डी.चा सगळा जीव या एका प्रश्नात होता.

हे कॉम्प्युटरवर करून बघायची रीत जुनीच होती आणि ती सरांना मुळीच पटत नव्हती. जुना प्रोग्राम युरियाचं प्रत्येक पाऊल मोजायचा. एन्झाइम अजून मैलभर लांब असलं तरी पाऊल मोज, पाऊल मोज. देवणीहून लातूरला निघालेल्या माणसाची पावलं मोजावीत तसं; तो उदगीरला पोचायच्या आत वीज जायची. सरांनी त्यात सुधारणा केली. आसपास काही नसेल तेव्हा एकदम लांब उडी, जवळ आलं की बारीक पावलं. ही झाली एक. दुसरी त्यांच्या जास्त जिव्हाळ्याची. जुन्या प्रोग्रामात युरिया तोंडावर वाकडा आपटला की खेळ खलास. सर म्हणत, असं कुठे असतं? वाकडा आपटलेला लगेच गाव सोडून जात नाही. तिथेच घुटमळतो, पुन्हा ठोकतो, पुन्हा वाकडा पडतो, पुन्हा येतो. या भागाला त्यांनी प्रोग्राममध्ये 'रिपीटर' असं नाव दिलं. लातुरात दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं. बारावीत मार्क कमी पडलेली पोरं त्याच गल्लीत, त्याच मेसवर, त्याच कॉटवर आणखी एक वर्ष काढून पुन्हा परीक्षेला बसत, त्यांना हेच म्हणत.

सरांच्या वाट्याला हा युरिया पहिल्यांदा आला तो त्र्याण्णव साली. तेव्हा कॉलेजात एकुलता एक कॉम्प्युटर होता. सरांनी त्यावर प्रोग्राम बसवला, छोटी चाचणी घेतली आणि मग भूकंप झाला. मदतीच्या याद्या करायला तो कॉम्प्युटर सरकारी कामात गेला. वर्षभराने परत आला तेव्हा त्यात तंबू, ताडपत्र्या, घोंगड्या आणि स्टोव्ह होते, युरिया नव्हता. सरांनी त्याबद्दल कोणाकडे चकार शब्द काढला नाही. ते स्वतः तेव्हा पोरांना घेऊन औशाकडे दगड उपसत होते. ज्या नुकसानाची तक्रार करायची लाज वाटते ते नुकसान सोसायला सोपं जातं.

आता सात वर्षं झाली होती. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि तिसऱ्यांदा देताना पत्रातच लिहिलं होतं, ही शेवटची. मे महिन्याच्या अखेरीला नांदेडला समितीपुढे निकाल मांडायचा. पीएच.डी.च्या मार्गदर्शक मॅडमच्या प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्याशी तो जुळला तर प्रबंध, नाहीतर नोंदणी रद्द. पीएच.डी. नाही म्हणून कॉलेजातल्या नोकरीची मान्यताही तशीच लोंबकळत होती. पत्नी, महानंदाबाई, पत्र वाचून एवढंच म्हणाल्या, "त्या पाटीवरचं तेवढं खरं होऊ द्या. मला बाजारात आत्तापासून डॉक्टरीणबाई म्हणायलेत. परवा एकीनं गुडघा दाखवला."

तर वीस मशिनींवर युरिया सुटला. प्रत्येक युरियामागे एक ओळ: कुठून आला, किती वेळा ठोकलं, शेवटी काय झालं. पोचला तर पी, वाहून गेला तर एफ. ही अक्षरं सरांनी मुद्दाम निवडली होती, कारण मशिनी सांभाळायला वसंतरावांनी ठेवलेल्या उज्वलाच्या नजरेला तीच सवयीची होती. उज्वला भोकरची. बी.कॉम. झालेली, कामाला वाघीण. वीस मशिनींचे निकाल गोळा करायचे, एकत्र करायचे आणि रोज दुपारी सरांच्या हातात फ्लॉपी ठेवायची.

"घ्या सर. आज बी एकाच फ्लॉपीत बसवलं बघा."

"अगं, वीस मशिनींचं एका फ्लॉपीत कसं बसतं?"

"बसवावं लागतं सर. मी नीट करून राहिले."

सर खूश व्हायचे. नीट करणारी माणसं त्यांच्या आयुष्यात कमी होती.

घरी जाऊन त्यांनी पहिली फ्लॉपी लावली. शंभरातले किती पोचले? अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

सर हसले. काहीतरी चुकलं असणार. नांदेडचं मोजमाप सांगत होतं की सात-साडेसातच्या आसपास यायला हवेत. त्र्याण्णवच्या त्या छोट्या चाचणीत सहा आले होते. सरांनी युरिएजचं तोंड अर्ध्यावर आणलं आणि प्रोग्राम पुन्हा लावून दिला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. ओळी मात्र निम्म्याच आल्या होत्या, पण पत्र्याखाली मशिनी तापून बंद पडतच होत्या, तेव्हा सरांनी ते उन्हाच्या नावावर मांडलं. तोंड सुईच्या टोकाएवढं केलं. ओळी मूठभर, निकाल अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. पाणी दाट केलं. विद्युतभार उलटा केला, म्हणजे युरियाने दारात पाऊलही टाकू नये. तो टाकत होता. शंभरातले अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार टाकत होते.

मार्च गेला, एप्रिल गेला. सरांनी स्वतःच्या प्रोग्रामची ओळन् ओळ उसवली आणि पुन्हा शिवली. लांब उडीचं गणित तीन वेगवेगळ्या रीतींनी तपासलं. कॉलेजात वर्गावर शिकवताना मध्येच थांबत आणि खिडकीबाहेर बघत. पोरांना वाटे, सरांच्या घरी काहीतरी झालंय. जेवताना महानंदाबाईंनी विचारलं, भाकरी किती वाढू? सर म्हणाले, "काही वाढवलं तरी फरक पडत नाही."

मग सरांच्या मनात एक वेडा विचार आला. आकडा हलतच नाही, म्हणजे तो निसर्गाचाच एखादा स्थिरांक असेल तर? त्यांनी कागद घेतला. ३.१४ वाल्या पायच्या वर्गाला दहाने भागलं की अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात टक्के येतात. उरलेले तीन दशांश पाण्याच्या तापमानाच्या माथी मारता आले असते. दोन दिवस सर फार आनंदात होते. त्या दोन दिवसांत त्यांनी चार पानांचा लेख लिहिला आणि तो घेऊन नांदेडची एस.टी. धरली.

त्यांच्या मार्गदर्शक डॉ. सौदामिनी कंधारकर. मॅडम कमी बोलत आणि ज्याला बोलत त्याला ते पुरून उरे. त्यांनी चारही पानं वाचली. पायच्या वर्गापाशी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बिराजदार, तोंड बंद केलं तरी अठ्ठ्याण्णव?"

"पूर्ण बंद नाही केलं मॅडम. सुईएवढं ठेवलं."

"आणि विद्युतभार उलटा केला तरी अठ्ठ्याण्णव?"

"पूर्णांक चार."

मॅडमनी पानं सरळ करून परत दिली. "अहो, हा युरिया आहे का लातूरचा क्लास?"

सर कसनुसं हसले. "मी प्रोग्राम पुन्हा तपासतो."

"प्रोग्राम पुष्कळ तपासलात. आता जरा दुसरं काहीतरी तपासा. आणि हे पायचं कोणाला दाखवू नका. समितीतले लोक सभ्य आहेत, पण मर्यादा असते."

परतीच्या गाडीत लोह्याला एक बाई टोपलं घेऊन शेजारी बसली, अहमदपूरला उतरली. सरांनी बाहेर बघितलं नाही. मॅडमचं ते वाक्य त्यांना लागलं होतं, आणि लागलेलं वाक्य ते सहसा नीट ऐकत नसत. आधी दुखून घेत. गाडी लातुरात शिरली. शहराच्या तोंडाशीच पाट्या सुरू झाल्या: गुलाबाच्या फुलांच्या चौकटीत पोरापोरींचे फोटो, एकाखाली एक टक्के. त्यात वसंतरावांची पाटी. तीवर सरांचं नाव होतं म्हणून गेले कित्येक महिने सर तिच्याकडे बघायचं टाळत होते. आज सिग्नलला गाडी थांबली आणि नजर गेलीच. नावाच्या बरोबर वर, लाल रंगात, मागाहून भरलेले हातभर उंचीचे आकडे:

'निकाल ९८.४ टक्के.'

सर तिथेच, सिग्नल सुटून गाडी हलत असताना, कंडक्टरच्या शिव्या खात उतरले.

उज्वला शेडमध्ये एकटीच होती. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायची तिची वेळ झाली होती. हातात बादली होती.

"उज्वला, ती बादली ठेव खाली. तू माझ्या निकालाचं काय करतेस? पहिल्यापासून सांग."

"काय करते म्हणजे? मशिनींतून काढते, एकत्र करते, सफाई करते, फ्लॉपीत टाकते."

"सफाई?"

"हाव. सफाईचा प्रोग्राम हाय न् आपला. वसंतसरांनी करून घेतलेला. निकाल घातला की एफवाले उडवतो."

सर स्टुलावर बसले. "सगळे?"

"सगळे कसे उडवू?" उज्वलाला हा प्रश्न अपमानाचाच वाटला. "शंभर टक्के कोन खरं मानतं सर? थोडे ठेवते. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार होईपर्यंत ठेवते, बाकीचे साफ. क्लासचा निकाल पेपरात द्यायचा तसाच. तुमचे तर लईच नापास होते. एवढे नापास मी कुठल्याच ब्याचला पाहिले न्हाई. मला वाटलं, सरांची इज्जत जाईल."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून! एक दिवस खंड न्हाई." मग सरांचा चेहरा बघून आवाज खाली आला. "काही चुकलं का सर?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. वाहून गेलेले मोजल्याशिवाय पोचलेल्यांना अर्थ नाही, हे सांगता आलं असतं. त्यांना आठवला तो लिंबाजी. भूकंपाच्या साली अकरावीला होता, औशाकडचा, शेवटच्या बाकावर बसून नखं खायचा. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा ऑफिसातून सांगण्यात आलं की ज्यांचं कळलंय त्यांची नावं हजेरीतून काढा. सरांनी काढलं नाही. मार्चपर्यंत रोज नाव घेतलं, रोज वर्ग गप्प बसला, आणि रोज त्यांनी गैरहजर मांडलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण वजाबाकी करायची तर आधी आकडा पूर्ण लागतो.

पण ही पोरगी दोन महिने उन्हात त्यांची इज्जत राखत बसली होती.

"ते उडवलेले कुठेच नाहीत का आता?"

"मशिनीतून बी काढले. जागा लागते न्."

तेवढ्यात वसंतराव आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मान डोलावली.

"पोरीनं तर काम चोख केलंय. मग तुम्ही खामखा बेजार का व्हायलाव?"

"वसंतराव, माझा निकाल सात टक्के यायला पाहिजे."

वसंतरावांनी इकडेतिकडे बघितलं. "हळू बोला. बाहेर पालक बसलेत."

"सातच खरे आहेत!"

"असतील. माझे बी खरे वेगळेच असतेत. मी काय ते पत्र्यावर चढून सांगत हिंडतो का?" त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, शंभर म्हणलं की लोक हसतात. नव्व्याण्णव म्हणलं की शंका घेतात. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार म्हणलं की गप बसून फॉर्म भरतात. त्या पॉइंट चारमधी सगळी गंमत हाय. तुम्ही सायन्सवाले, तुम्हाला कळायला पाहिजे."

"मला पुन्हा सगळ्या मशिनी पाहिजेत. रात्रंदिवस. मे संपेपर्यंत."

"जूनचा निकाल तोंडावर आलाय."

"मग पाटीवरचं 'डॉ.' खोडायला पेंटर बोलवा. नोंदणी रद्द झाली की पालकच विचारतील."

वसंतराव थांबले. पाटीकडे बघायला ते शेडबाहेर गेले आणि तोंडात सुपारी टाकून परत आले. "खोडलं तर डाग दिसतो," ते म्हणाले. "घ्या मशिनी. पण एक ऐका. तुमचे नापास माझ्या मशिनीत मुक्कामाला नकोत. रोजच्या रोज फ्लॉपीत भरून घरी न्या. लक्षण चांगलं न्हाई ते."

पुन्हा युरिया सुटला. सफाई नाही, जे येईल ते सगळं. आता एका फ्लॉपीत काही बसेना. डबे भरून फ्लॉप्या निघू लागल्या. ऊन असं की दुपारी दोन-तीन मशिनी हमखास मान टाकत आणि त्यांच्यावरचे युरिया अर्ध्या वाटेत लटकत. वीज जाई ती वेगळीच. सर कॉलेज सुटलं की येत, गोणपाटावर पाणी मारत, मशिनी उठवत, शिव्या देत. शिव्या कोणाला द्यायच्या ते ठरत नसल्याने त्या साधारणपणे वीज मंडळ, मार्च-एप्रिल आणि पायचा वर्ग यांना मिळून जात.

उज्वलाने मात्र एफच्या ओळी वाचायला सुरुवात केली होती. आधी कधी वाचल्याच नव्हत्या. उडवायच्या ओळी कोण वाचतं?

"सर, हा बघा. दारात कितीदा येऊन राहिला. वाकडाच पडतो, उठतो, परत येतो. अन् शेवटी गेला निघून."

"जातात तसे."

"पण अगदी दारात होता न् हो. मी याला दोन महिने उडवत होते?" थोड्या वेळाने पुन्हा, "हा दुसरा बघा. हा बी तसाच, पण शेवटी पोचला. माझी बहीण अशीच झाली नर्स. तिसऱ्या वर्षाला. क्लासनं तिचं नाव दोन वर्षं कुठं घेतलं न्हाई, अन् नंतर फोटो मागायला घरी आले."

सरांनी तिच्या हातातला कागद घेतला. तिचं म्हणणं त्यांनी आकड्यांत तपासून बघितलं, कारण त्यांना दुसरं काही तपासता येत नव्हतं. पोचणाऱ्यांतले बहुतेक जण पहिल्या धडकेला पोचतच नव्हते. सरळ येऊन सरळ आत जाणारे औषधापुरते. बाकी सगळे वाकडे आपटून, घुटमळून, पुन्हा ठोकून आत गेलेले. जुन्या प्रोग्रामने यांना पहिल्या धडकेलाच कटवलं असतं आणि निकाल दोन टक्क्यांवर आला असता. निकाल आला सात पूर्णांक तीन.

सरांनी तो आकडा वहीत उतरवला. त्यांना वाटलं होतं, आनंद होईल. झाला असता, पण मार्चमध्ये व्हायला हवा होता. आता तो शिळा झाला होता.

नांदेडला समितीपुढे त्यांनी सगळं मांडलं: लांब उडी, बारीक पावलं, पुन्हा ठोकणारे. मॅडमच्या मोजमापाशेजारी आपला आकडा ठेवला. दोन्ही जवळजवळ एकमेकांच्या मांडीवर बसले होते. समितीत देगलूरच्या एका कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी चहा संपवून विचारलं,

"सगळं बरोबर आहे, पण सातच टक्के? थोडं वाढवता नाही का येणार? बघायला बरं दिसतं."

"वाढवून आणलं होतं त्यांनी," सौदामिनी मॅडम कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या. "मीच नको म्हटलं."

प्रबंध सादर करायला परवानगी मिळाली. बाहेर आल्यावर मॅडमनी एवढंच विचारलं, "काय सापडलं शेवटी? चूक कुठे होती?"

"गणितात नव्हती," सर म्हणाले.

"ते दिसलंच. मग?"

सरांनी सांगितलं. मॅडम पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या, इतक्या की शिपाई दारात आला. मग हसू ओसरलं आणि त्या म्हणाल्या, "त्या मुलीला रागावलात का?"

"नाही."

"बरं केलंत. आमच्याकडे लोक हेच पगार घेऊन करतात."

दुसऱ्या दिवशी सर लातुरात पोचले ते थेट क्लासवर गेले. आनंदाची बातमी द्यायची होती. सात वर्षांनी एकदा ती त्यांच्याकडे होती. पाटीला शिडी लावलेली होती आणि शिडीवर तोच पेंटर. 'डॉ. वि. शि. बिराजदार'च्या खाली नवी ओळ ओली चमकत होती: 'ज्यांच्या संशोधनाचा निकाल ९८.४ टक्के.'

"अहो, उतरा खाली! सात पूर्णांक तीन आहे ते."

"चिठ्ठीत हेच हाय साहेब," पेंटर वरूनच म्हणाला.

वसंतराव हात पुढे करून आले. "अभिनंदन! मॅडमना फोन करून विचारून घेतलं मी. पास झालाव. पेढे आणलेत."

"वसंतराव, ते आधी खोडा. खोटं आहे ते."

"अहो, कसं खोडू? सात लिहिलं तर तुमची पीएच.डी. खोटी वाटंल लोकांना." त्यांनी सरांच्या हातावर पेढा ठेवला. "तुमच्या भल्यासाठीच करायलो मी. उज्वलाला विचारा."

उज्वला दारात उभी होती. ती वसंतरावांकडे बघत नव्हती. तिच्या पायाशी फ्लॉप्यांचे डबे होते, सगळे, नापासांचे. घरी न्यायला म्हणून दोरीने बांधलेले. सरांनी पेढा हातात तसाच धरला.

तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. निलंग्याकडचे एक गृहस्थ होते, डोक्याला रुमाल. सोबत मुलगी, हातात गुंडाळलेली गुणपत्रिका. त्यांनी पाटी वाचली, मग सरांकडे बघितलं.

"हे डॉक्टर बिराजदार तुम्हीच का?"

"मीच," सर म्हणाले. हे आता जवळजवळ खरं होतं.

"न्हाई, पाटीवर अठ्ठ्याण्णव लिवलंय म्हणून इचारतो. आमच्या पोरीला मागच्या साली थोडक्यात कमी पडले. अशा रिपीटर लेकरांला घेतेत का हितं?"

मुलगी जमिनीकडे बघत होती. वसंतराव उत्तर द्यायला पुढे सरकले, पण सर आधी बोलले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे पुन्हा ठोकून आत जाणाऱ्यांचा एक आकडा असा होता की जो त्यांनी स्वतः पडताळून पाहिला होता.

"घेतात," ते म्हणाले. "सगळं त्यांच्यावरच चाललंय."